एपिस्कोपल पॅरिशचीं दोन दप्तरें : संस्कार आणि अधिकार

१

नाशिक-त्र्यंबकेश्वराच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या आणि गांवोगांवच्या कुळकर्ण्यांचीं दप्तरें यांचें मोल या त्रैमासिकाच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. तीर्थोपाध्यायाच्या वहींत एखाद्याचें नांव मिळालें म्हणजे तो कोणाचा कोण व कोणत्या सालीं यात्रेस आला, एवढें निश्चित होतें. परंतु त्यास वतन होतें किंवा नव्हतें, गोतसभेंत त्याच्या शब्दास मान होता किंवा नव्हता, हें त्या वहीवरून कळत नाहीं. त्याकरितां महजर व निवाडपत्रें उलगडावीं लागतात. पहिलें साधन माणसाची ओळख देतें, दुसरें त्याचा अधिकार सांगतें. दोहोंची गल्लत केली म्हणजे वंशावळ बरोबर आणि इतिहास चूक, अशी स्थिति होते.

हीच गल्लत ख्रिस्ती मंदिरांच्या जुन्या नोंदवह्या वाचतांना होण्याचा संभव अधिक आहे. हल्लीं परदेशांतील पॅरिशांच्या जुन्या नोंदवह्यांच्या छापील प्रती व छायाप्रती आपल्याकडील अभ्यासकांस घरबसल्या पाहतां येतात. बाप्तिस्म्याच्या नोंदींत नांव आहे, तेव्हां अमका त्या मंदिराचा सभासद, आणि सभासद तेव्हां तेथील सर्व हक्कांचा धनी, असें अनुमान सहज केलें जातें. यांतील पहिली पायरी बहुधा बरोबर असते; दुसरी पुष्कळदा चूक असते. तिचें कारण समजावें म्हणून अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील एपिस्कोपल चर्चचें उदाहरण आम्हीं घेतलें आहे. त्या संप्रदायाचीं दोन्ही प्रकारचीं दप्तरें राहिलेलीं असून संस्कार व अधिकार यांतील अंतर त्यांत स्पष्ट दिसतें.

२

प्रथम नांवाविषयीं. 'एपिस्कोपोस' हा ग्रीक शब्द. अर्थ, वरून पाहणारा, देखरेख करणारा. आपल्या 'अध्यक्ष' शब्दाची घडणही अशीच आहे, आणि ग्रीक शब्दांतील पाहण्याचा धातु संस्कृतांतील 'पश्', 'स्पश्' यांचाच भाऊबंद होय. याच शब्दाचें झिजलेलें इंग्रजी रूप 'बिशप'. ज्या चर्चची व्यवस्था बिशपांच्या हातीं असते तें एपिस्कोपल. बिशपाच्या ताब्यांतील प्रांतास वसईकडील ख्रिस्ती बांधव धर्मप्रांत म्हणतात, व त्यांतील एका मंदिराच्या मंडळीस धर्मग्राम. पॅरिश म्हणजे हा धर्मग्राम. त्याच्या मुख्य धर्माधिकाऱ्यास रेक्टर, आणि मालमत्ता व हिशेब पाहणाऱ्या पंचमंडळीस व्हेस्ट्री असें नांव आहे.

येथें एक खुलासा अवश्य आहे. अहमदनगरच्या अमेरिकन मिशनरींमुळें 'अमेरिकन चर्च' म्हटलें कीं आपल्याकडे त्यांचीच आठवण होते. ते मिशनरी ज्या परंपरेंतून आले तींत बिशप नव्हते. प्रत्येक मंडळी आपला कारभार आपण पाहत असे. एपिस्कोपल चर्च निराळें. तें इंग्लंडच्या राजमान्य चर्चची अमेरिकेंतील शाखा म्हणून वाढलें, आणि वसाहती स्वतंत्र झाल्यावर वेगळें झालें. इंग्लंडांत बिशपपदाची दीक्षा घ्यावयाची तर राजनिष्ठेची शपथ घ्यावी लागे. ती स्वतंत्र देशाच्या नागरिकास कशी घेतां यावी? म्हणून सॅम्युएल सीबरी यांनीं १७८४ च्या नोव्हेंबरांत स्कॉटलंडांतील ॲबर्डीन येथें तेथील बिशपांकडून दीक्षा घेतली. पुढें कायदा बदलल्यावर फिलाडेल्फियाचे विल्यम व्हाइट व न्यूयॉर्कचे सॅम्युएल प्रोव्होस्ट यांना १७८७ सालीं लंडनजवळच्या लँबेथ येथें दीक्षा मिळाली. १७८९ सालीं घटना, नियम व स्वतंत्र प्रार्थनापुस्तक मंजूर होऊन या चर्चची उभारणी पुरी झाली. यांतील व्हाइट हें नांव वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. तें पुढें दोन ठिकाणीं येणार आहे.

३

आतां संस्कार. या संप्रदायांत मुख्य संस्कार दोन मानतात : बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन. दृढीकरण, धर्माधिकाऱ्याची दीक्षा, विवाह, पापनिवेदनानंतरचा समेट व आजाऱ्यास तैलाभ्यंग हे पांच विधि संस्कारस्वरूप असले तरी त्या दोहोंच्या बरोबरीचे मानीत नाहींत. बाप्तिस्मा पाण्यानें, पिता, पुत्र व पवित्र आत्मा या नांवानें होतो आणि आयुष्यांत एकदांच होतो. प्रभुभोजन वारंवार घ्यावयाचें असतें. दृढीकरणांत बाप्तिस्मा झालेला मनुष्य जाणत्या वयांत आपली श्रद्धा स्वमुखानें प्रकट करतो, व बिशप त्याच्या मस्तकावर हात ठेवतो. हा विधि बिशपावांचून दुसऱ्यास करतां येत नाहीं.

मीमांसकांची परिभाषा येथें उपयोगी पडते. ज्यायोगें एखादी वस्तु कांहीं प्रयोजनास योग्य होते तो संस्कार. आणि ती योग्यता आल्यावर कर्म करण्याचा जो हक्क तो अधिकार. संस्कारानें योग्यता येते, पण अधिकारास आणखी अटी लागूं शकतात. एपिस्कोपल दप्तरांतही हेंच घडतें. रेक्टरच्या नोंदवहींत बाप्तिस्मे, दृढीकरणें, विवाह व प्रेतविधि यांच्या नोंदी असतात. हें संस्कारांचें दप्तर. व्हेस्ट्रीच्या कार्यवृत्तांत पंच कोण निवडले, पैसा कसा उभारला, धर्मप्रांताच्या सभेस कोणास पाठविलें, हें असतें. हें अधिकारांचें दप्तर.

पहिल्या दप्तराची प्रथा इंग्लंडांत १५३८ सालीं टॉमस क्रॉमवेलच्या आज्ञेनें सुरू झाली व वसाहतवाल्यांबरोबर ती समुद्रापार गेली. तें वाचतांना कांहीं गोष्टी संभाळाव्या लागतात.

पहिली, कालगणना. १७५२ पूर्वीं इंग्रजी अमलाखालील मुलखांत वर्षारंभ २५ मार्चला धरीत व जुनें पंचांग चालत असे. म्हणून जानेवारी-फेब्रुवारीच्या नोंदींतील साल आजच्या हिशेबानें एकानें मागें असतें. जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या घरच्या बायबलांत त्यांचा जन्म ११ फेब्रुवारी १७३१-३२ असा दुहेरी सालानें लिहिला आहे. तीच आजची २२ फेब्रुवारी १७३२. मृगापासून पालटणारा शुहूर सन ज्यांनीं इसवी सनाशीं जुळविला आहे, त्यांस याहून अधिक सांगणें नको.

दुसरी, जन्म आणि बाप्तिस्मा. नोंद मूलतः संस्काराची असते, जन्माची नव्हे. वॉशिंग्टन यांचा बाप्तिस्मा जन्मानंतर सुमारें दोन महिन्यांनीं, ५ एप्रिलला झाला. इतर ठिकाणीं हें अंतर वर्षांचेंही असूं शकतें. केवळ बाप्तिस्म्याच्या तारखेवरून वय काढूं नये.

तिसरी, दृढीकरणाच्या याद्या. एकाच तारखेस पुष्कळ नांवें आलीं म्हणजे त्या दिवशीं बिशपाची फेरी झाली, एवढाच अर्थ. यादींत नांव नाहीं म्हणून तो मनुष्य सभासद नव्हता, असें होत नाहीं.

चौथी, प्रेतविधीची नोंद. इंग्लंडच्या १६६२ च्या प्रार्थनापुस्तकाप्रमाणें बाप्तिस्मा न झालेल्यांस, बहिष्कृतांस व आत्मघातक्यांस हा विधि लागूं नव्हता. अमेरिकेच्या १७८९ च्या पुस्तकानें पहिल्या वर्गांत 'प्रौढ' हा शब्द घातला. त्यामुळें बाप्तिस्म्यापूर्वी वारलेल्या तान्ह्या मुलांस हा विधि मोकळा झाला. एका शब्दानें किती आईबापांचें दुःख हलकें झालें असेल! संशोधकापुरतें बोलावयाचें तर, त्यानंतरच्या नोंदींत मुलाचा प्रेतविधि आढळला तरी त्याचा बाप्तिस्मा झाला होता असें धरतां येत नाहीं.

४

या दोन दप्तरांतील अंतराचें पहिलें उदाहरण वॉशिंग्टन यांचेंच आहे. व्हर्जिनियांत स्वातंत्र्यापूर्वी हें चर्च सरकारमान्य होतें. १६६२ च्या कायद्यानें व्हेस्ट्रीच्या पंचांची संख्या बारा ठरविली होती. जागा रिकामी झाली कीं उरलेले पंचच ती भरीत, म्हणून तें पद कालांतरानें मोठ्या जमीनदार घराण्यांत जवळजवळ वतनासारखें झालें. पंचांनीं तंबाखूच्या रूपानें कर बसवावा, अनाथ-अपंगांची सोय लावावी, जमिनींच्या शिवा फिरून पाहाव्या, अशीं कामें त्यांकडे असत. वॉशिंग्टन १७६२ सालीं ट्रूरो पॅरिशच्या व्हेस्ट्रींत निवडले गेले. व्हेस्ट्रीचें पुस्तक उपलब्ध असून त्यांत त्यांचें नांव आहे.

आतां संस्कारांचें दप्तर पहा. बाप्तिस्मा आहे, दृढीकरण झाल्याची नोंद नाहीं. यांत त्यांचा दोष काढणें बरोबर नव्हे. १६०७ सालीं जेम्सटाउनची वसाहत झाली तेव्हांपासून १७८४ पर्यंत, म्हणजे १७७ वर्षें, या वसाहतींच्या चर्चला स्वतःचा एकही बिशप नव्हता. लंडनच्या बिशपाची नांवापुरती देखरेख होती. बिशप नाहीं तर दृढीकरण नाहीं. दृढीकरणावांचून प्रभुभोजन घेऊं नये हा सामान्य नियम. पण ज्याची त्यास तयारी व इच्छा आहे त्यासही घेऊं द्यावें, अशी सवड प्रार्थनापुस्तकांतच होती, आणि वसाहतींतल्या पिढ्यान्‌पिढ्या त्या सवडीवर चालल्या. प्रभुभोजनाविषयीं मात्र स्पष्ट साक्ष आहे. राष्ट्राध्यक्ष असतां वॉशिंग्टन फिलाडेल्फियास विल्यम व्हाइट यांच्या मंदिरांत उपासनेस जात. व्हाइट यांनीं १८३५ सालीं एका पत्रांत लिहिलें कीं, आपण ज्या मंदिरांचे धर्माधिकारी होतों त्यांत वॉशिंग्टन यांनीं प्रभुभोजन कधींही घेतलें नाहीं.

तात्पर्य, व्हेस्ट्रीचा पंच म्हणून नांव सांपडलें तरी तो मनुष्य प्रभुभोजन घेणारा सभासद होता, असें म्हणतां येत नाहीं. त्या काळीं पंचपद जमीन व घराणें यांवर मिळे. संस्कार अपुरे, अधिकार पुरा, असा हा प्रकार.

५

याच्या उलट प्रकार अधिक मोठ्या संख्येनें झाला. व्हर्जिनियांत आफ्रिकेंतून आणलेल्या गुलामांचे बाप्तिस्मे होऊं लागले तेव्हां प्रश्न निघाला कीं, ख्रिस्ती झालेल्या मनुष्यास गुलाम ठेवतां येतें काय? इंग्रज पिता व आफ्रिकन माता यांची कन्या एलिझाबेथ की हिनें आपण मुक्त असल्याचा दावा लाविला, व १६५६ सालीं ती मुक्त ठरली. बाप स्वतंत्र इंग्रज, स्वतःचा बाप्तिस्मा झालेला, आणि नोकरीची ठरलेली मुदत संपलेली, अशीं तिच्या बाजूचीं कारणें होतीं. म्हणजे तोंपर्यंत बाप्तिस्म्याच्या पुराव्यास न्यायसभेंत कांहीं वजन होतें.

मग कायदे झाले. १६६२ च्या कायद्यानें अपत्याची स्थिति मातेप्रमाणें धरावी असें ठरलें. एलिझाबेथचा पहिला आधार गेला. १६६७ च्या कायद्यानें सांगितलें कीं, बाप्तिस्म्यामुळें मनुष्याच्या दास्यांत किंवा स्वातंत्र्यांत फरक पडत नाहीं. दुसराही आधार गेला. या कायद्यांत हेतु असा दिला आहे कीं, ही शंका मिटल्यावर मालक आपल्या गुलामांस ख्रिस्ती होऊं देण्यास अधिक राजी होतील. संस्काराचें दार उघडें राहावें म्हणून अधिकाराचें दार बंद केलें, असा त्याचा अर्थ.

त्यापुढील नोंदवह्या या कायद्याच्या छायेंत लिहिलेल्या आहेत. विल्यम्सबर्गच्या ब्रूटन पॅरिशच्या वहींत गुलामांच्या नोंदी आहेत. तशा नोंदींत बहुधा एकच नांव, आणि आईबापांच्या घराण्याऐवजीं मालकाचें नांव. वाचणाऱ्यानें त्यास कुलनाम समजूं नये. आज त्या लोकांच्या वंशजांस आपला पूर्वज शोधावयाचा असला म्हणजे पुष्कळदा ही एक ओळच हातीं लागते. ज्या समाजानें त्या मनुष्यास मालमत्तेच्या यादींत धरलें, त्याच समाजाच्या मंदिरानें त्याचें नांव मनुष्य म्हणून, संस्काराच्या यादींत लिहून ठेविलें. हा त्या दप्तराचा उपकार मान्य केला पाहिजे. मात्र त्या ओळीवरून त्याची मंदिरांतील पायरी ठरवूं नये.

६

स्वातंत्र्यानंतरचें उदाहरण फिलाडेल्फियाचें. ॲब्सालोम जोन्स हे १७४६ सालीं गुलामगिरींत जन्मले व १७८४ सालीं मुक्त झाले. एका मेथडिस्ट मंदिरांत कृष्णवर्णीयांस वेगळें बसविण्याचा प्रकार झाल्यावर ते व त्यांचे सोबती बाहेर पडले. त्यांनीं उभारलेलें सेंट टॉमसचें आफ्रिकन मंदिर १७९४ सालीं एपिस्कोपल चर्चमध्यें घेतलें गेलें. बिशप होते तेच विल्यम व्हाइट. १७९५ सालीं त्यांनीं जोन्स यांस डीकनपदाची दीक्षा दिली, व पुढें पुरोहितपदाची. या चर्चचे ते पहिले कृष्णवर्णीय पुरोहित.

दीक्षेस लॅटिन व ग्रीक भाषांचें ज्ञान लागे. धर्मप्रांताच्या सभेनें जोन्स यांच्यापुरती ती अट सोडली. पण सोडतांना दुसरी घातली कीं, त्यांच्या मंदिरानें सभेस धर्माधिकारी किंवा प्रतिनिधि पाठवूं नयेत व चर्चच्या सामान्य कारभारांत हात घालूं नये. भाषेची उणीव हें निमित्त दाखविलें, असें म्हणण्यास जागा आहे. कारण पुढें जोन्स यांचा १८१८ सालीं अंत झाला तरी अट उठली नाहीं. १८६० नंतरच्या दशकांत, अमेरिकेंतील यादवी युद्धाच्या सुमारास, ती उठली. मधल्या सुमारें सात दशकांत त्या मंदिरांत जे बाप्तिस्मे झाले, तेच बिशप तेथें येऊन जीं दृढीकरणें करीत, तीं इतर मंदिरांतल्याइतकींच पूर्ण होतीं. संस्कार पुरे, अधिकार नाहीं. धर्मप्रांताच्या सभेचीं कार्यवृत्तें न पाहतां एकटी नोंदवही वाचणारास हें अंतर कधींच कळणार नाहीं.

स्त्रियांची गोष्ट याच जातीची. नोंदवहींतील बाप्तिस्मे, दृढीकरणें व प्रभुभोजनें यांत त्या पुरुषांच्या बरोबरीनें होत्या. पण चर्चच्या सर्वसाधारण सभेंत प्रतिनिधि म्हणून त्यांस जागा मिळाली ती १९७० सालीं.

७

या प्रश्नाचा एक धागा महाराष्ट्रापर्यंत येतो. पंडिता रमाबाई व त्यांची कन्या मनोरमा यांचा बाप्तिस्मा १८८३ सालीं इंग्लंडांत वाँटेज येथें झाला. तो विधि इंग्लंडच्या चर्चचा, म्हणजे ज्या परिवारांतलें एपिस्कोपल चर्च त्याचाच. पुढें चेल्टनहॅम येथें असतां त्यांनीं पुरुष विद्यार्थ्यांस शिकवावें अशी गोष्ट निघाली, तेव्हां लाहोर व मुंबई येथील बिशपांनीं हरकत घेतली. ज्या विदुषीच्या संस्कृत ज्ञानाचा कलकत्त्याच्या पंडितांनीं गौरव केला होता, तिला शिकविण्याचा अधिकार आहे कीं नाहीं, याचा विचार बिशप करूं लागले! रमाबाईंनीं आपल्या गुरुभगिनी जेराल्डीन यांस १८८५ सालीं कळविलें तें थोडक्यांत असें कीं, आपण ख्रिस्ताच्या मंडळीच्या सभासद आहोंत हें खरें, पण पुरोहितांच्या व बिशपांच्या मुखांतून निघणारा प्रत्येक शब्द मानण्यास बांधलेल्या नाहींत. हा पत्रव्यवहार १९७७ सालीं मुंबईस छापून निघाला आहे. आपल्या वाचकांनीं तो या दृष्टीनें पुन्हां पाहावा. बाप्तिस्म्यानें काय मिळतें व कोणाकडून मिळतें, हा वाद त्यांत मुळापासून आहे. पुढल्याच वर्षीं, १८८६ सालीं, त्या आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानासाठीं फिलाडेल्फियास गेल्या.

८

आजचा नियम काय आहे, हें समजल्यावांचून मागील फरक नीट मापतां येत नाहीं. १९७० पासून दृढीकरणापूर्वीही बाप्तिस्मा झालेल्या मुलांस प्रभुभोजन देण्याची मोकळीक झाली. १९७९ च्या प्रार्थनापुस्तकानें बाप्तिस्मा हाच चर्चमधील पूर्ण प्रवेश, व त्यानें जोडलेलें नातें न तुटणारें, असें ठरविलें. त्याप्रमाणें सभासदत्वाच्या पायऱ्या अशा : ज्याचा बाप्तिस्मा झाला असून त्याची नोंद या चर्चमध्यें रीतसर झाली आहे तो सभासद, सोळा वर्षें पुरीं झालीं म्हणजे प्रौढ सभासद, मागील वर्षांत निदान तीन वेळां प्रभुभोजन घेतलें तो प्रभुभोजनी सभासद, आणि सबळ कारण नसतां सामुदायिक उपासना न चुकविणारा व श्रमानें, प्रार्थनेनें आणि दानानें चर्चच्या कार्यास हातभार लावणारा तो सुस्थितींतला प्रभुभोजनी सभासद. सभासद एका पॅरिशांतून दुसऱ्यांत गेला म्हणजे पहिल्या ठिकाणाहून दाखला न्यावयाचा. शाळा सोडल्याच्या दाखल्यांत आम्हीं आयुष्य घालविलें असल्यामुळें ही पद्धति आम्हांस ओळखीची वाटते. वहींत 'बदली' असा शेरा दिसला तर त्या मनुष्याचा शोध तेथें संपला असें न समजतां दुसऱ्या पॅरिशची वही काढावी.

वंश, वर्ण, स्त्रीपुरुषभेद इत्यादि कारणांनीं कोणास चर्चमधील हक्क, दर्जा किंवा समान स्थान नाकारूं नये, असें कलमही आज त्याच नियमांत आहे. नियमांत एखादी गोष्ट 'करूं नये' म्हणून लिहावी लागते ती बहुधा पूर्वी होत असते, हें दप्तरें पाहणारांस ठाऊकच आहे.

९

यावरून निघणारा निष्कर्ष थोडका आहे. बाप्तिस्म्याची नोंद मिळाली म्हणजे सभासद ठरतो. दृढीकरणाची न मिळाली म्हणून तो कमी ठरत नाहीं, आधीं त्या प्रदेशांत त्या काळीं बिशप होता कीं नाहीं हें पाहावें. प्रभुभोजनाचा पुरावा स्वतंत्र शोधावा. आणि अधिकाराविषयीं एक शब्दही व्हेस्ट्रीचें पुस्तक, सभेचीं कार्यवृत्तें व त्या काळचा कायदा पाहिल्यावांचून लिहूं नये.

आपल्याकडील कामासही हा नियम लागूं आहे. मुंबई इलाख्यांतील इंग्रजी चर्चच्या बाप्तिस्मे, विवाह व प्रेतविधि यांच्या नोंदींच्या नकला लंडनास पाठवीत असत. १७०९ पासूनच्या त्या नकला ब्रिटिश लायब्ररींतील इंडिया ऑफिसच्या दप्तरांत आहेत. त्यांत एतद्देशीयांचीं नांवें आलीं असतील तेथें मंडळीच्या पंचांचे कागद स्थानिक मंदिरांतून शोधून शेजारीं ठेवावे लागतील. ज्या संग्राहकांजवळ असे पंचांचे ठराव, हिशेब किंवा दाखल्यांचे कागद सुटे पडले असतील, त्यांनीं ते निरुपयोगी म्हणून टाकूं नयेत. नोंदवहीची नक्कल दुसरीकडे मिळूं शकेल. या सुट्या कागदांची मिळण्याचा संभव फार थोडा आहे.